जेसी ओवेन्स : मैदानाने घडवलेला, वर्गात मागे राहिलेला विद्यार्थी



जेसी ओवेन्स हे नाव आपण सगळ्यांनी सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असते. १९३६ चे बर्लिन ऑलिम्पिक, चार सुवर्णपदके आणि प्रेक्षागृहात बसलेला हिटलर. एवढे पाठ केले की परीक्षेतला एक गुण पक्का! पण आज मला तुमच्यासमोर त्यांच्या पदकांपेक्षा त्यांची शाळा मांडायची आहे. हा मुलगा बर्लिनला पोहोचला तो एका सरकारी शाळेच्या मैदानावरून. आणि जन्मभर जी एक गोष्ट त्यांना कमी पडत गेली, तिचे मूळही शाळेच्या वर्गातच होते.

शाळा म्हणजे अभ्यास, खेळ आणि सहशालेय उपक्रम, असे आपण पालकसभेत सांगतो. वेळापत्रकातही तिन्ही लिहितो. यातले एखादे लंगडे राहिले तर पुढे काय होते, हे या जीवनकथेतून फार स्पष्ट दिसते. म्हणून हा लेख.

कापसाच्या शेतातले बालपण

जेसीचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, ओकव्हिल नावाच्या लहानशा वस्तीत झाला. पाळण्यातले नाव जेम्स क्लीव्हलंड. घरात सगळे लाडाने जे. सी. म्हणत. वडील हेन्री आणि आई मेरी एमा. भावंडांत हा सगळ्यात धाकटा. घरची शेती नव्हती. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायची, कापूस पिकवायचा आणि हंगाम संपला की हिशेबात पुन्हा मालकाचे देणे उरायचे, असा संसार. त्यांच्या आजोबांच्या पिढीने तर प्रत्यक्ष गुलामगिरी भोगलेली होती.

पोर अशक्त. हिवाळा आला की छाती भरायची, खोकला थांबायचा नाही. पाचेक वर्षांचा असताना छातीवर मोठी गाठ आली. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. शेवटी आईने घरातली सुरी तापवून स्वतःच्या हाताने ती गाठ कापून काढली. हा मुलगा पुढे जगातला सर्वांत वेगवान माणूस होईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर लोक हसले असते.

आणि शाळा? शाळा कापसाच्या हंगामावर चालायची. वेचणी आली की मुले शेतात, काम संपले की वर्गात. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाणारी मुले ज्यांच्या वर्गात आहेत, त्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हजेरीपटावर नाव असते, पण सलग चार महिने ते मूल बाकावर बसलेले नसते. अशा मुलाचे वाचन-लेखन जिथे कच्चे राहते, तिथेच जे. सी. चेही राहिले.

बाईंनी लिहिले ते नाव

जे. सी. साधारण नऊ वर्षांचा असताना कुटुंब उत्तरेकडे, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात आले. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसे कारखान्यांतल्या कामाच्या आशेने अशीच उत्तरेला निघाली होती.

इथे तो बोल्टन प्राथमिक शाळेत दाखल झाला. बाईंनी नाव विचारले. त्याने सांगितले जे. सी. पण दक्षिणेकडचा हेल बाईंच्या कानाला नवा होता. त्यांना ऐकू आले जेसी, आणि त्यांनी पटावर तेच लिहिले. बुजरा मुलगा, नवी शाळा, बाईंना कोण सांगणार की नाव चुकले? तेव्हापासून तो जेसीच झाला. आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या कितीतरी आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींनी तशी लिहिली. त्यातलाच हा प्रकार. शिक्षकाच्या पेनाने मूल जन्मभराचे नाव घेऊन जाते!

नाव तर लागले, पण वर्ग? वय नऊ, पाया कच्चा. त्याला सुरुवातीला पहिलीच्या चिमुकल्यांबरोबर बसवले गेले. पुढे त्याला वरच्या वर्गात घेतले, पण मधली राहिलेली वर्षे कोणी भरून दिली नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

रायली सरांची सकाळ

पुढे जेसी फेअरमाउंट ज्युनिअर हायस्कूलमध्ये गेला. आपल्याकडचे सातवी-आठवीचे वर्ग समजा. तिथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते चार्ल्स रायली. सर श्वेतवर्णीय, विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि काळ १९२७-२८ चा. अमेरिकेत वर्णभेद तेव्हा किती कडक होता हे तुम्हाला ठाऊक आहे.

सरांनी या काडीसारख्या मुलाचे पाय पाहिले आणि शाळा सुटल्यावर सरावाला यायला सांगितले. पण जेसी शाळा सुटली की चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायचा. घराला त्या पैशांची गरज होती. आता इथे दुसरा एखादा शिक्षक म्हणाला असता, जमत नसेल तर राहू दे बाबा. रायली सरांनी वेळ बदलली. मुलगा संध्याकाळी येऊ शकत नाही ना, मग सर सकाळी येतील! शाळा भरण्याआधी दोघांचा सराव सुरू झाला. यासाठी सरांना जादा पगार नव्हता, जादा तासिका धरली जात नव्हती.

पोराच्या पोटात पुरेसे अन्न नाही हेही सरांच्या लक्षात आले. मग ते घरून त्याच्यासाठी नाश्ता आणू लागले, रविवारी घरी जेवायला नेऊ लागले. पायाखालची जमीन तापलेली आहे असे समजून पाऊल टाक, असे ते त्याला शिकवत. जेसीची ती हलकी, जमिनीला जेमतेम शिवणारी चाल इथूनच आली. घोडे कसे धावतात हे दाखवायला सरांनी त्याला रेसकोर्सवरही नेले. शर्यतीत घोड्याच्या चेहऱ्यावर कसलाही ताण दिसत नाही, हे त्याने पाहावे म्हणून. पुढे जेसीच्या धावण्याचे फोटो पाहिलेत तर चेहरा अगदी शांत दिसतो. तो या धड्याचा परिणाम.

सर कधीही उद्याच्या शर्यतीची घाई करत नसत. चार वर्षांनंतरची तयारी आपण आज करतोय, अशी त्यांची शिकवण होती. याच काळात १९२० च्या ऑलिम्पिकमधला १०० मीटरचा विजेता चार्ली पॅडॉक शाळेत व्याख्यानाला आला होता. आपणही ऑलिम्पिकला जाऊ शकतो हे बीज तिथे पडले. पाहुणे बोलावण्याच्या कार्यक्रमाला आपण कधीकधी कंटाळतो ना? कोणत्या मुलाच्या मनात काय रुजेल ते सांगता येत नाही.

१९२८ मध्ये फेअरमाउंटच्या या मुलाने उंच उडीत ६ फूट आणि लांब उडीत २२ फूट ११ इंचांच्या वर मजल मारली. त्याच्या वयोगटात हे विक्रम होते.

ईस्ट टेक्निकल हायस्कूल

१९३० मध्ये जेसी ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये दाखल झाला. अमेरिकेत पब्लिक हायस्कूल म्हणजे शहराच्या शिक्षण मंडळाने करातून चालवलेली, फी नसलेली शाळा. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या शाळेसारखी. त्यातही ईस्ट टेक्निकल ही तांत्रिक शाळा. कामगारांची मुले इथे यंत्र, लाकूड, धातू यांची कामे शिकून कारखान्यात लागायची.

घरची परिस्थिती तेव्हा आणखी बिकट झाली होती. १९२९ मध्ये वडिलांना टॅक्सीची धडक बसली, पाय मोडला आणि हातचे काम गेले. वर जागतिक मंदी. मोठ्या भावांनी शाळा सोडली आणि मिळेल ते काम धरले. जेसीनेही सोडावी असे वातावरण होते, पण आईने त्याला शाळेत ठेवलेच. सुरी हातात धरणारी हीच ती आई.

शाळेचे मुख्य प्रशिक्षक होते एडगर वाइल. त्यांनी एक गोष्ट फार छान केली. जेसीला घडवणारे रायली सर दुसऱ्या शाळेचे, म्हणून त्यांना दूर ठेवले नाही, सोबत घेतले. रायली सर मदतनीस म्हणून ईस्ट टेक्निकलच्या मैदानावर येत राहिले. आपला विद्यार्थी, तुमचा विद्यार्थी असा वाद झाला नाही आणि मुलाचे कल्याण झाले.

हायस्कूलच्या काळात धावलेल्या ७९ शर्यतींपैकी ७५ जेसीने जिंकल्या, अशी नोंद सांगितली जाते. मधे अपयशही आले. १९३२ च्या ऑलिम्पिकच्या निवड चाचण्यांत राल्फ मेटकाफसारख्या मोठ्या धावपटूंपुढे तो मागे पडला आणि लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक हुकले. मग आला जून १९३३. शिकागोला शाळांची राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथे जेसीने १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर ९.४ सेकंदांत कापले आणि जागतिक विक्रमाची बरोबरी केली. २२० यार्ड २०.७ सेकंदांत पार केले आणि लांब उडीत २४ फूट ९ इंचांच्या पुढे झेप घेतली. शाळेच्या ५४ गुणांपैकी ३० एकट्या जेसीचे! क्लीव्हलंडला परतल्यावर या शाळकरी मुलाची शहरातून मिरवणूक निघाली.

उपक्रमांचे म्हणाल तर तिथेही तो पुढे होता. बहुसंख्य श्वेतवर्णीय मुलांच्या या शाळेत शेवटच्या वर्षी विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष म्हणून जेसी निवडून आला. मैदानी संघाचा तो कर्णधारही होता. जो मुलगा बाईंना स्वतःचे खरे नाव सांगायला कचरला, तो साधारण दहा वर्षांनी सगळ्या शाळेचा प्रतिनिधी झाला. विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक आपण जेव्हा अर्ध्या तासात उरकतो, तेव्हा हे आठवावे.

आणि अभ्यास?

इथे मात्र चित्र बदलते. शाळेने जेसीला पळायला शिकवले, उभे राहायला शिकवले, पण मागे राहिलेला अभ्यास मागेच राहिला. कापसाच्या शेतात बुडालेली ती वर्षे कोणी हिशेबात धरली नाहीत. तांत्रिक शाळेतला अभ्यासक्रम हाताला काम देणारा होता, विद्यापीठाच्या वाटेवर नेणारा नव्हता. आणि मुलगा शाळेसाठी पदके आणत असताना त्याच्या वहीत कोण डोकावणार?

अजून एक नाव इथे घेतले पाहिजे. फेअरमाउंटच्या शाळेत जेसीची मिनी रूथ सॉलोमन या मुलीशी ओळख झाली होती. १९३२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगी झाली, ग्लोरिया. दोघेही शाळकरी वयाचे. जेसीची शाळा सुरू राहिली. रूथची सुटली. ती कामाला लागली आणि माहेरी राहून बाळ वाढवले. त्यांचे लग्न १९३५ मध्ये झाले. मिरवणुकीच्या फोटोत जेसी दिसतो. शाळा सुटलेल्या रूथला आपण सहसा आठवत नाही. आठवी-नववीनंतर पटावरून गायब होणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे बोचल्याशिवाय राहणार नाही.

विद्यापीठ आणि बर्लिन

१९३३ च्या शरद ऋतूत जेसी ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. एवढा मोठा धावपटू, पण खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. खर्च भागवायला राज्याच्या विधान भवनात रात्री मालाची लिफ्ट चालवायचे काम केले. कृष्णवर्णीय असल्याने विद्यापीठाच्या वसतिगृहात राहता येत नव्हते, अनेक हॉटेलांत जेवण मिळत नव्हते. ज्याला शाळेने अध्यक्ष केले, त्याला विद्यापीठाने खोली दिली नाही.

दिवसा वर्ग, मग सराव, रात्री काम. कच्चा पाया आता उघडा पडला. गुण कमी पडू लागले. १९३६ च्या सुरुवातीला तर कमी गुणांमुळे काही काळ त्याला विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही. म्हणजे ऑलिम्पिकच्या वर्षीच!

मैदानावर मात्र प्रशिक्षक लॅरी स्नायडर यांच्या हाताखाली तो बहरत होता. २५ मे १९३५ रोजी मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे, पाठ दुखावलेली असताना, जेसीने पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली. त्यातली ८.१३ मीटरची लांब उडी २५ वर्षे कोणाला ओलांडता आली नाही.

ऑगस्ट १९३६ मध्ये बर्लिनला काय झाले ते आपण जाणतोच. १०० मीटर, लांब उडी, २०० मीटर आणि ४ बाय १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके. आपला वंश श्रेष्ठ म्हणणाऱ्या नाझी सत्तेच्या राजधानीत एका शेतमजुराच्या मुलाने ती मिळवली. लांब उडीतला जर्मन प्रतिस्पर्धी लुझ लाँग याने सगळ्यांदेखत त्यांचे अभिनंदन केले आणि दोघे मित्र झाले. याच ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने हॉकीचे सुवर्ण जिंकले, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये आपले देशी खेळ सादर केले. तेव्हा बर्लिन आपल्यालाही तितके परके नाही.

पदकांनंतरची वर्षे

खरी परीक्षा यानंतर सुरू झाली. ऑलिम्पिकनंतरच्या प्रदर्शनी दौऱ्यातून ओवेन्स मधेच परतले, म्हणून अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली. वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी स्पर्धेतले धावणे संपले. मैदान गेले आणि हातात पदवी नव्हती. आता करायचे काय?

पोटासाठी ते घोड्यांबरोबर शर्यती लावू लागले. ज्या पायांना रायली सरांनी घोडा दाखवून शिकवले, त्या पायांना चार पैशांसाठी खऱ्या घोड्याशी धावावे लागले. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक क्रीडांगणावर मुलांना खेळवण्याची नोकरी केली. कपडे धुण्याचा, ड्राय क्लीनिंगचा धंदा काढला, तो बुडाला आणि १९३९ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

मग १९४० मध्ये, बायको आणि तीन मुली असताना, त्यांनी पुन्हा ओहायो स्टेट विद्यापीठात नाव घातले. राहिलेली पदवी पूर्ण करायची म्हणून. जगज्जेता माणूस पोरांबरोबर वर्गात बसला. किती मोठी गोष्ट आहे ही! पण गुण पुरेसे पडले नाहीत. १९४१ च्या अखेरीस त्यांनी विद्यापीठ सोडले. पदवी मिळालीच नाही.

पुढे त्यांचे दिवस पालटले. ते शिकागोला स्थायिक झाले. उत्तम वक्ते म्हणून देशभर नाव झाले. युवकांसाठी, गरीब वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी खूप काम केले. १९५५ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना क्रीडादूत म्हणून आशियात पाठवले, तेव्हा ते भारतातही आले होते. १९७२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. सिगारेटच्या सवयीने मात्र घात केला. फुप्फुसाच्या कर्करोगाने ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोना राज्यात त्यांचे निधन झाले. मुलांना ही कथा सांगताना सिगारेटची गोष्टही जरूर सांगा.

आपल्या वर्गासाठी, आपल्या घरासाठी

शिक्षकमित्रांनो, परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासिकेचा. गणित राहिले, चला पीटीचा तास घ्या. पण वर्गात मागे बसणाऱ्या एखाद्या मुलाला शाळेत यावेसे वाटते ते केवळ त्या तासामुळे. तो तास काढला तर त्याची शाळाच काढली. जेसीला शाळेत टिकवून धरले ते आईने आणि मैदानाने.

पण नाण्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. तालुक्याला, जिल्ह्याला शाळेचे नाव काढणारा मुलगा असेल, तर त्याच्या अभ्यासाकडे डोळेझाक करणे ही माया नव्हे. सरावासाठी त्याचे तास बुडतात, तर ते भरून द्यायची सोय शाळेनेच केली पाहिजे. रोज अर्धा तास, एखादा वाचनमित्र, बुडालेल्या धड्याची वही. याला फार खर्च येत नाही. रायली सरांसारखी सकाळ ईस्ट टेक्निकलमधल्या एखाद्या भाषेच्या किंवा गणिताच्या शिक्षकाने जेसीला दिली असती, तर १९४० मध्ये त्यांना तसे परत बसावे लागले नसते असे मला मनापासून वाटते.

पालकहो, तुम्हाला एवढेच सांगणे. खेळात पुढे असलेल्या मुलाला पुस्तक सोडू देऊ नका आणि अभ्यासात पुढे असलेल्याला मैदान बंद करू नका. आणि घरात मुलगी असेल तर रूथला विसरू नका.

जाता जाता एक गोष्ट. बर्लिनमध्ये प्रत्येक सुवर्णपदकाबरोबर विजेत्याला ओक वृक्षाचे एक रोप देत. ओवेन्स यांना अशी चार रोपे मिळाली. त्यातले एक क्लीव्हलंडमधल्या ऱ्होड्स हायस्कूलच्या आवारात लावले गेले. तिथल्या मैदानावरही ते सराव करत असत. कित्येक दशके त्या झाडाच्या सावलीत सरकारी शाळेतली मुले खेळत राहिली. आपल्या शाळेच्या आवारातही वड-पिंपळ असतातच. येत्या शनिवारी दप्तराविना शाळा असेल, तेव्हा मुलांना झाडाखाली बसवा आणि ही गोष्ट सांगा. अर्धी मैदानाची आणि अर्धी वहीची, दोन्ही सांगा.